पहिल्या पायरीचा प्रश्न

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील सुशिक्षित तरुणाची नोकरीकडे जाणारी वाट गेली कित्येक वर्षे ठरून गेलेली आहे. शालान्त परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे, टंकलेखनाचे प्रमाणपत्र मिळवावयाचे आणि कल्याण, ठाणे किंवा मुंबई येथील एखाद्या कचेरीत कारकून म्हणून चिकटावयाचे, अशी ही वाट. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांच्यासाठी कारखान्यातील हेल्परची जागा असे. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्दांचा वेग ही अट आजही कायम आहे. यांत्रिक टंकलेखन यंत्रे गेली आणि संगणक आले; २००१ पासून एम.एस.-सी.आय.टी.च्या प्रमाणपत्राची भर पडली. साधने बदलली, तरी पहिली पायरी शाबूत राहिली. आता मात्र ती पायरीच डळमळू लागली आहे. बोललेले मराठी वाक्य तत्काळ अक्षरांत उतरविणारी, बीजक वाचून त्याच्या नोंदी करणारी, पत्राचा मसुदा सिद्ध करून देणारी यंत्रणा आज हातातल्या मोबाईलमध्ये आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी लोकांसमोर आले, त्यानंतरच्या अल्पावधीत हा बदल घडला आहे.

या बदलाची चर्चा बहुधा मोठ्या आकड्यांत होते. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालानुसार २०३० पर्यंत जगात १७ कोटी नवे रोजगार निर्माण होतील आणि ९ कोटी २० लाख नाहीसे होतील. म्हणजे एकंदर हिशेब फायद्याचा. परंतु ज्या कामांत सर्वाधिक घट होईल असे हाच अहवाल सांगतो, त्यांत कारकुनी, टपाल कचेरीतील आणि बँकेच्या खिडकीवरील कामे अग्रभागी आहेत. नवा रोजगार बंगळूरला निर्माण झाला आणि जुना आसनगावच्या मुलाच्या हातून गेला, तर बेरीज-वजाबाकी कागदावर जुळते. त्या मुलाच्या घरात ती जुळत नाही.

न भरलेल्या खुर्च्या

यंत्र येणार म्हणजे माणसे काढली जाणार, अशी भीती सर्वसाधारणपणे व्यक्त होते. प्रत्यक्षातला अनुभव थोडा निराळा आहे. बँकांतील यांत्रिकीकरणाविषयी व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ साली करार झाला, तेव्हा संघटनांनी यंत्रांच्या वापरावर मर्यादा घालून घेतल्या. पुढे संगणक सर्वत्र आले. तथापि त्यामुळे बँकांतून कारकुनांना सरसकट काढून टाकले गेले नाही. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांतून सुमारे १ लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली बाहेर पडले, तेही पैसे घेऊन. ज्यांच्या पदरी नोकरी होती, त्यांचे फारसे बिघडले नाही. रिकाम्या झालेल्या अनेक खुर्च्या मात्र पुन्हा भरल्या गेल्या नाहीत. नुकसान झाले ते त्या वेळी शाळेत शिकणाऱ्या मुलांचे, आणि त्यांच्या वतीने करार करण्यास कोणी बसले नव्हते.

शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने हाच धडा महत्त्वाचा आहे. येथील पुष्कळ घरांत पगारी नोकरी करणारी ही पहिलीच पिढी आहे. भातशेती एका पिकाची. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरविणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा भागात घरातील एका मुलाला लागलेली साधी नोकरी म्हणजे केवळ पगार नव्हे. धाकट्या भावंडांचे शिक्षण, सावकाराच्या कर्जातून सुटका आणि पुढच्या पिढीची सुरुवात त्यात असते.

शिकणे सोपे, टिकणे कठीण

या भागात रोजगार वाढलाच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुंबई-नाशिक महामार्गालगत भिवंडी आणि पडघ्यापासून वाशिंद-आसनगावपर्यंत गोदामे उभी राहिली आहेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर प्रत्येक राज्यात लहान लहान गोदामे ठेवण्याची गरज कमी झाली आणि मोठ्या, मध्यवर्ती गोदामांना चालना मिळाली. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याने ती चालना आणखी वाढविली आहे.

तथापि या गोदामांतील कामाचे स्वरूप पाहिले पाहिजे. जुन्या गोदामात कोणता माल कोठे आहे हे गोदामपालाच्या डोक्यात असे. त्याच्या हाताखालचा हमाल चार-पाच वर्षांत ते ज्ञान मिळवी आणि हिशेबनीस किंवा गोदामपाल होण्याची आशा धरी. आधुनिक गोदामात हे ज्ञान संगणकाकडे असते. कामगाराच्या हातातील स्कॅनर त्याला कोणत्या मांडणीकडे जावयाचे आणि कोणती वस्तू उचलावयाची ते सांगतो, आणि तासाला किती वस्तू उचलल्या याची नोंदही ठेवतो. असे काम दोन दिवसांत शिकता येते. जे दोन दिवसांत शिकता येते त्यासाठी माणूसही दोन दिवसांत बदलता येतो, आणि त्यामुळे पाच वर्षे राबलेल्या कामगाराची किंमत कालच आलेल्या कामगाराहून अधिक उरत नाही. कंत्राटी पद्धतीचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे.

औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांतही हाच क्रम दिसतो. पूर्वी लेथवर हेल्पर म्हणून लागलेला मुलगा माप घेण्यास, नकाशा वाचण्यास शिके आणि कालांतराने टर्नर होई. संगणकनियंत्रित यंत्रावर एका टोकाला आज्ञावली लिहिणारा अभियंता असतो आणि दुसऱ्या टोकाला तुकडा बसवून बटण दाबणारा कामगार. मधल्या पायऱ्या विरळ झाल्या आहेत. तपासणीचे काम कॅमेरा करू लागला की त्या आणखी विरळ होतील.

याचा अर्थ यंत्राला विरोध करावा असा मुळीच नाही. भाताच्या गिरणीने बायकांच्या हातातील मुसळ सोडविले. ते परत यावे असे कोणीही म्हणणार नाही. झोडणीचे यंत्र शेतकऱ्याने आपण होऊन बोलावले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्याने डोळखांब किंवा टोकावडे परिसरातील शेतकऱ्याचा तालुक्याच्या गावी जाण्याचा हेलपाटा आणि एका दिवसाची मजुरी वाचली. त्याच बदलाने गावोगाव सेवा केंद्रे उघडली आणि काही तरुणांना कामही दिले. मात्र १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तलाठ्याने करावयाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाईलवर आली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. यंत्राने वाचविलेले श्रम काही वेळा नुसते दुसऱ्याच्या खांद्यावर जातात.

कायद्याच्या चौकटीबाहेर

कामगार कायद्याने या प्रश्नाचा विचार केलेला आहे, पण अर्धाच. तंत्रात सुधारणा केल्याने कामगार कपात होण्याचा संभव असेल, तर मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी, ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्प्रशिक्षणासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देण्याची नवी तरतूदही तीत आहे. दोन्ही तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु त्या कामावर असलेल्या माणसासाठी आहेत. ज्याला उद्यापासून कंत्राटदार बोलावीत नाही, त्याची कपात झाली असे सिद्ध करणे अवघड. आणि ज्याची नोकरी मुळात निर्माणच झाली नाही, त्याला नोटीस कोण देणार?

स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या हे राज्याच्या औद्योगिक धोरणातील सूत्रही याच कारणाने अपुरे पडते. शंभर माणसांच्या जागी वीस माणसांवर कारखाना चालू लागला, तर ८० टक्क्यांचा नियम तंतोतंत पाळूनही सोळा जणांनाच काम मिळते. उरलेले तरुण मग सरकारी नोकरीच्या रांगेत उभे राहतात. २०२३ मधील तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले होते. ही रांग किती लांब झाली आहे, हे समजण्यास आणखी आकड्यांची आवश्यकता नाही.

काय करता येईल

पहिली पायरी बाजार आपण होऊन बांधणार नाही, कारण नवशिक्याला शिकविण्याचा खर्च एका मालकाने करावा आणि शिकलेला माणूस दुसऱ्याने न्यावा, हा धोका प्रत्येकालाच वाटतो. म्हणूनच हे काम कायद्याचे आणि सरकारचे आहे. त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. मुरबाडचे कारखाने आणि महामार्गावरील गोदामे यांनी किती उमेदवार घेतले, त्यांतील कितींना पुढे काम मिळाले, याची तालुकावार यादी दरवर्षी प्रसिद्ध झाली, तरी पुष्कळ काम होईल. राज्याने २०२४ मध्ये सुरू केलेली युवा कार्य प्रशिक्षण योजना याच दिशेची होती. सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि शिक्षणाप्रमाणे ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन असे तिचे मूळ स्वरूप. पुढे मुदत वाढविण्यात आली. परंतु मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रशिक्षणार्थींचा प्रश्न राहिलाच. पायरीच्या वर दुसरी पायरी नसेल तर तो नुसता ओटा होतो.

शाळा-महाविद्यालयांची जबाबदारीही मोठी आहे. आज शिकविलेले सॉफ्टवेअर विद्यार्थी पदवीधर होईपर्यंत जुने होईल. अचूक माप घेणे, नकाशा वाचणे, यंत्र दुरुस्त करणे, हिशेबातील चूक हेरणे, स्वच्छ आणि निःसंदिग्ध मराठी लिहिणे ही कौशल्ये मात्र जुनी होत नाहीत. यंत्राने केलेला मसुदा बरोबर की चूक हे ठरविणारा माणूस लागणारच. तो होण्यासाठी मसुदा स्वतः लिहिण्याचा सराव आधी झालेला असावा लागतो.

रोजगाराची हमी ही कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेल्या योजनेला १९७७ साली कायद्याचे स्वरूप मिळाले आणि २००५ चा राष्ट्रीय कायदा करताना तिचाच अनुभव उपयोगी पडला. अंगमेहनतीस तयार असलेल्या माणसाला काम देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, असे त्या कायद्याने मानले. शिकलेल्या मुलाला शिकलेले वापरण्याची पहिली संधी देणे हेही तसेच कर्तव्य मानावयाचे की नाही, याचा निर्णय आता करावा लागेल. शहापूर आणि मुरबाड यांनी महानगराला पाणी दिले, रस्त्यांसाठी आणि गोदामांसाठी जमीन दिली. त्यांच्या मुलांनी त्या बदल्यात एका पायरीची मागणी केली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.