वय झालं, की बी-१२ कमी झालं?

निमोणे, शिरूर, दौंड या पट्ट्यातील ज्येष्ठ मंडळी दवाखान्यात आली की ‘ताकदीच्या गोळ्या द्या’ किंवा ‘एक सलाईन लावा’ अशी मागणी हमखास करतात. तळपायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, विसरायला होते, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ‘आता वयच झालं’ अशी समजूत असते. पण या तक्रारींमागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळले.

बी-१२ मिळते ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून. भाजी-भाकरीत ते नसते. माळकरी घरात अंडी-मटण वर्ज्य आणि गोठ्यातले दूध डेअरीला. घरी उरते चहापुरते. त्यात वयानुसार अनेकांच्या जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातले बी-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना हा धोका अधिक.

मग सगळ्यांनीच जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का? नाही. अमेरिकेत सुमारे २६ हजार प्रौढांवर ‘ड’ जीवनसत्त्वाची चाचणी झाली. सरसकट गोळ्या देऊन कर्करोग, हृदयविकार वा हाडे मोडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. उलट ६०,००० युनिटची ‘ड’ची पुडी सल्ल्याशिवाय महिनोन् महिने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

म्हणून मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा, फिकटपणा किंवा जीभ लाल होऊन आग होणे अशी लक्षणे असतील, तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेऊ नका. त्याने रक्त सुधारलेले दिसते, पण बी-१२ अभावी नसांची हानी चालूच राहते. कमतरता निघाली तर इंजेक्शन किंवा गोळ्यांचा उपचार साधा आणि स्वस्त आहे. उशीर झाला, तर नसा पूर्ववत होतीलच असे नाही.

आणि डेअरीला दूध घालण्याआधी घरातल्या आजी-आजोबांसाठी पेलाभर बाजूला काढून ठेवा.