पाठ स्वाराला हवा, घोड्याला नको

आमची कन्या शनिवारी घोडेस्वारी शिकायला जाऊ लागली तेव्हा त्यात पाठांतर असेल असे आम्हांला वाटले नव्हते. ड्रेसाज या प्रकारात उड्या नसतात. २० मीटर रुंद व ४० मीटर लांब रिंगणाच्या कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ ही अक्षरे लावलेली असतात. कोणत्या अक्षरापाशी वळायचे, कोठे वर्तुळ घ्यायचे, वॉक, ट्रॉट की कँटर, सारे आधीच ठरलेले. प्रत्येक कृतीला शून्य ते दहा गुण. वाट चुकली की घंटा होते व गुण कापतात. तिसऱ्या चुकीला स्वार बाद.

ब्रिटनमध्ये प्राथमिक स्पर्धांत कडेला उभे राहून कोणी क्रम वाचून दाखवलेला चालतो. ते काम आम्ही एकदा हौसेने पत्करले. वारा सुटलेला, चष्मा पावसाने भिजलेला. आमच्याकडून एक ओळ गळली, कन्या भलतीकडे वळली आणि घंटा झाली! घरी येताना मोटारीत कोणी बोलले नाही.

मग पाठांतराचा निश्चय झाला. रोज पूर्ण क्रम घोड्यावरच घोकावा, हा आमचा सल्ला शिक्षिकाबाईंनी तिथल्या तिथे मोडीत काढला. कारण घोडाही पाठ करतो. अमुक अक्षरापाशी कँटर, हे ध्यानात आले की तो इशाऱ्याची वाट न पाहता आधीच उधळतो, आणि परीक्षक गुण कापतात. म्हणून घोड्यावर तुकडे तेवढे करायचे, तेही क्रम बदलून. सबंध पाठ स्वाराने पायी करायचा.

तेव्हापासून आमच्या दिवाणखान्यातील गालिच्यावर आठ कागद आहेत. कन्या त्यांतून दुडक्या चालीने फिरते व चालू कृती करतानाच पुढची मोठ्याने सांगते, कारण घोड्याला दोन पावले आधी तयार करावे लागते. नुसते पहिल्यापासून म्हणता येणे पुरत नाही. सतराचा पाढा मधूनच विचारला की आम्ही आजही सतरा एके सतरापासून सुरुवात करतो. घंटेनंतर मात्र मधूनच धागा उचलावा लागतो. म्हणून जेवताना आजी अचानक विचारतात, "बीला काय गं?"

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वाचकाची सोयच नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतीय ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले, अश्वारोहणातील भारताचे ४१ वर्षांनंतरचे पहिले. त्या चौघांत मुंबईचे हृदय छेडा होते. तेथेही सारे मुखोद्गतच.

पुढची स्पर्धा रविवारी आहे. आम्ही कडेला उभे राहणार, पण या वेळी हातात कागद नसेल.