न दुखणारा काटा

मुलांनो, आपल्या पांढरकवड्याकडे कापसाच्या शेतात अनवाणी चाललं, की पऱ्हाटीचं धसकट कधीतरी पायात घुसतंच. तुम्ही लगेच 'आई गं!' म्हणून ओरडता. मधुमेह असलेले आजोबा मात्र ओरडतीलच असं नाही. रक्तातली साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली, तर पायांतले मज्जातंतू बधिर होऊ शकतात. मग जखम कळतच नाही, अन् आतल्या आत चिघळत जाते.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या रुग्णालयात आले. कुष्ठरुग्णांच्या पायांना जखमा होतात त्या वेदना जाणवत नाही म्हणून, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या कामी आलं. म्हणजे दुखणं हा आपला पहारेकरीच की!

आजोबांचा पहारेकरी झोपलाय, तर पहारा तुम्ही करा. रोज रात्री त्यांचे तळवे अन् बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. चप्पल झटकूनच पुढे ठेवा, आत खडा असतो. पाय धुवायचं पाणी कोमट आहे ना, ते तुमच्या कोपरानं तपासा. कुरूप झालं तर ते घरी ब्लेडनं कापू देऊ नका (ही खोड पुष्कळांना असते!). आणि फोड किंवा लाली दिसली, तर 'दुखत नाही रे' असं ते म्हणाले तरी आईबाबांना सांगून त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्या.