सिगारवर ओडिन, बिडीवर गणपती: प्रश्न नेमका काय विचारायचा?

"नॉर्स पुराणातले देव आणि सिगारचं ब्रँडिंग" असा विषय कुणी दाखवला की मी आधी विचारते, तुमच्या हाताशी साहित्य काय आहे? नाशिकमध्ये बसून सिगारच्या पेट्या जमवणं अवघड. पण द्वारका चौकातल्या टपरीवर बिडीचे कट्टे मिळतात, आणि त्यांवर कधी देवही भेटतो. सुरुवात तिथून करा ना.

आधी फरक लक्षात घ्या. ओडिन, थॉर यांच्या कथा आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः तेराव्या शतकातल्या आइसलंडी ग्रंथांतून. तोवर तिथे ख्रिस्ती धर्म येऊन दोनशे वर्षं झाली होती. त्यामुळे सिगारवाल्याला देवाचा दरारा मिळतो, भक्ताच्या रागाची भीती फारशी नाही. (आइसलंडमध्ये १९७२ पासून त्या देवांना मानणारी संस्था आहे, म्हणून प्रबंधात "मृत धर्म" असं ठोकून देऊ नका.)

आपल्याकडे भक्त आणि गिऱ्हाईक एकच. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९(२) धार्मिक भावना दुखावू शकणारं चिन्ह नोंदवायला मनाई करतं. तरी "मंगळूर गणेश बिडी" चालतेच. तिच्या भागीदारांत वाद झाला, १९९४ मध्ये धंद्याचा लिलाव होऊन बोली ९२ कोटींवर गेली. पुढे आयकराचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि २०१५ मध्ये निकाल लागला, की ट्रेडमार्क म्हणजे करापुरतं "प्लँट", त्यावर घसारा मिळेल. देवाच्या नावावर घसारा! हा निकाल वाचाच.

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव १९५० च्या बोधचिन्हं-नावं कायद्याच्या यादीत आहे, संभाजी महाराजांचं त्या यादीत नव्हतं. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीच्या संभाजी बिडीचं नाव बदललं ते २०२० च्या आंदोलनानंतर. म्हणजे कायद्याने नाही, लोकांनी बदलवलं. उलट द्वारकेहून पुणे रोडने गेलं की लागणाऱ्या सिन्नरची जुनी पेढी भिकुसा यमासा क्षत्रिय. नाव माणसाचं, देव नाही. तुलनेला अशी केस लागतेच.

आता माझी चूक. पहिल्या प्रश्नावलीत मी विचारलं, "बिडीवर देवाचं चित्र असणं योग्य वाटतं का?" सगळ्यांनी "नाही" म्हटलं. बिडी ओढतानाच! उत्तर मीच त्यांच्या तोंडात घातलं होतं. मग प्रश्न बदलला: "कट्टा संपला की कागदाचं काय करता?" बहुतेकांनी टाकून देतो म्हटलं. एका काकांनी मात्र गणपतीचा कागद अलगद सोडवून खिशात ठेवला, मग बिडी पेटवली. "पायाखाली नको यायला," एवढंच म्हणाले.

माझ्या वहीतली पहिली कामाची नोंद ती.