दुखावलेला गुडघा आणि घरचा व्यायाम
गुडघा दुखावला की आधी ढिला पडतो तो मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स. सांध्यात पाणी साचले की या स्नायूला मिळणारे चेतासंदेश आपोआप मंदावतात; त्यात निव्वळ आराम केला तर काही आठवड्यांतच मांडी बारीक दिसू लागते. सतरंजीवर पाय पसरून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी. गुडघ्याची वाटी मांडीकडे सरकताना दिसली, की स्नायू नीट आवळला गेला. 5 सेकंद धरून सोडायचे, असे 10 वेळा. हे जमले की उताणे झोपून, दुसरा पाय दुमडून, दुखरा पाय सरळ ठेवत सुमारे 30 सेंटिमीटर उचलावा. बाकी शरीरासाठी खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करता येतात. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे साधारण 1 किलोचे वजन. बैठका, उकिडवे बसणे, मांडी घालणे मात्र तूर्त बंद. घरात भारतीय शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आणावीच. किंचित ठणका चालतो, पण दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर प्रमाण कमी करावे. गुडघा अडकत असेल, दगा देत असेल किंवा पायावर भार पेलवत नसेल, तर व्यायामाआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.