उद्याच्या लोकलने नको

आषाढात आंदर मावळात भातलावणी चालू असते आणि एकाएकी हातातली रोपांची मूठ गळून पडते. शब्द अडखळतात, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं होतं. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं की ‘वारं लागलं असेल’ म्हणत चहा घेऊन माणूस पुन्हा चिखलात उतरतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळली, म्हणून हात चालू लागला. ती जिथून सुटली, ती मानेतली खडबडीत झालेली धमनी किंवा अनियमित धडधडणारं हृदय मात्र जसंच्या तसंच आहे. त्यामुळे पक्षाघाताच्या मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो. अंगारे-धुपाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. माझ्या मते जास्त घात ‘उद्या सकाळच्या लोकलने पुण्याला जाऊ’ हे वाक्य करतं.

ऑक्सफर्डमध्ये पीटर रॉथवेल यांच्या गटाने २००७ साली या उशिराची किंमत मोजून दाखवली. आधी तपासणीसाठी वेळ घ्यावी लागे, मग सल्ला फॅमिली डॉक्टरकडे जाई आणि पहिलं औषध सुरू व्हायला साधारण २० दिवस लागत. पुढे तपासणी झाल्या झाल्या तिथेच औषध देऊ लागले. औषधं नेहमीचीच, पण ९० दिवसांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ वर आलं. ही आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांची तुलना होती, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, हा आक्षेप रास्तच आहे. पण २०१३ साली चीनमधल्या ‘चान्स’ चाचणीत ५,१७० रुग्णांचे तसे गट पाडले होते. २४ तासांच्या आत अ‍ॅस्पिरिनला क्लोपिडोग्रेलची जोड दिल्यावर झटक्यांचं प्रमाण ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर उतरलं.

मग गोळी घरीच का चघळू नये? कारण काही झटके गुठळीचे नसून रक्तस्रावाचे असतात, आणि दोन्हींत तोंड सारखंच वाकडं होतं. फरक सीटी स्कॅनमध्येच कळतो. छातीत दुखल्यावर घेतात ती सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याची सवय तर इथे घातकच, रक्तदाब उतरून मेंदूचा पुरवठा आणखी घटतो. दोन गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो ही भीतीही खरी आहे. २०१८ च्या अमेरिकी ‘पॉइंट’ चाचणीत ९० दिवस दोन्ही दिल्यावर मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण ०.४ वरून ०.९ टक्के झालं. म्हणून आता ही जोडी साधारण २१ दिवसच देतात. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करणारी वेगळी औषधं लागतात, त्यासाठी ईसीजी हवाच.

पावसाळी रविवारी लोणावळ्याच्या कोंडीतून पुणं गाठायचं कसं, असा प्रश्न उरतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. तळेगाव दाभाड्याला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सीटी, ईसीजी आणि पहिली गोळी यांसाठी पुण्यापर्यंत जायची गरज नाही. मानेतली धमनी फारच अरुंद निघाली, तर शस्त्रक्रियेचा सर्वाधिक फायदा पहिल्या दोन आठवड्यांत होतो. पुण्याची फेरी त्यासाठी, औषध सुरू झाल्यावर.