छोट्या कामाला छोटे यंत्र

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातील गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा सपाट व सुपीक पट्टा धानासाठी प्रसिद्ध आहे. धानाच्या शेतीत खोदकामाला कधी खंड पडत नाही. बांधीचे धुरे नीट करावे लागतात, पाट मोकळे करावे लागतात, बोडीतील गाळ काढावा लागतो. त्यातच अलीकडच्या वर्षांत गावठाणातील नळवाहिन्या, सांडपाण्याच्या नाल्या आणि शोषखड्डे यांची भर पडली आहे. पूर्वी ही सर्व कामे कुदळ, फावडे आणि घमेले यांवर होत. आता बहुतेक ठिकाणी मोठे पिवळे यंत्र बोलावले जाते. काम झटपट उरकते हे खरे. परंतु हातभर रुंदीच्या नालीसाठी सात-आठ टन वजनाचे यंत्र गल्लीत आणणे कितपत शहाणपणाचे आहे, याचा विचार ग्रामपंचायतींनी करावयास हवा.

यंत्राची घडण

खोदकामाच्या या यंत्राला ग्रामीण भागात सरसकट ‘जेसीबी’ म्हणतात. वास्तविक हे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरे घेऊन 1945 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे नाव होय. भारतात हरियाणातील बल्लभगड येथे 1979 पासून या कंपनीच्या सहभागाने अशी यंत्रे तयार होऊ लागली. यंत्राच्या मागील बाजूस जो सांध्यांचा लांब हात असतो, त्याला ‘बॅकहो’ म्हणतात. त्याच्या टोकाची दातेरी बकेट मातीत रुतते आणि माती यंत्राच्या दिशेने ओढून घेते. हाताच्या सांध्यांना बळ मिळते ते तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नळकांड्यांतून.

असाच हात लहान ट्रॅक्टरलाही जोडता येतो. साधारणतः वीस ते चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला जोडलेला बॅकहो सहा ते आठ फूट खोल खणू शकतो. चालक आसन फिरवून मागे तोंड करून बसतो. दोन्ही बाजूंचे पाय जमिनीवर टेकवून यंत्र स्थिर केले जाते आणि पुढे बकेट असल्यास तीही जमिनीवर दाबून ठेवतात. बॅकहो केवळ मागच्या तीन सांध्यांवर न अडकवता ट्रॅक्टरच्या खालून नेलेल्या पोलादी चौकटीवर बसविणे श्रेयस्कर असते. अन्यथा खोदण्याचा झटका ट्रॅक्टरच्या मागील भागावर येऊन त्यास तडा जाण्याचा धोका असतो. काम संपताच बॅकहो काढून त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली किंवा रोटाव्हेटर लावता येतो, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ आहे.

किती माती, कोणते यंत्र

यंत्राची निवड गावातील उपलब्धतेवरून न करता मातीच्या मोजमापावरून केली पाहिजे. एक साधे उदाहरण घेऊ. शंभर मीटर लांबीची, एक मीटर खोल नळवाहिनी टाकावयाची आहे. पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीची बकेट वापरल्यास 45 घनमीटर, म्हणजे सुमारे 16 ब्रास माती निघेल. त्याऐवजी पंचाहत्तर सेंटिमीटर रुंदीची बकेट वापरली, तर हीच माती 75 घनमीटर होईल. ही 30 घनमीटर जादा माती खणावी लागते, परत भरावी लागते आणि दाबावीही लागते. ती नीट दाबली गेली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात रस्ता खचतो. रुंद चर खोदताना सिमेंटचा रस्ता अधिक फुटतो, तो खर्च वेगळाच.

याउलट, पंधरा मीटर लांब, पंधरा मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या कडा असलेल्या शेततळ्यातून 441 घनमीटर माती निघते. येथे छोट्या बॅकहोचा हात तळापर्यंत सहज पोहोचत नाही आणि वेळही फार जातो. अशा कामास मोठे यंत्रच योग्य. थोडक्यात, अरुंद, उथळ आणि नेमक्या मापाच्या कामास छोटे यंत्र. खोल आणि विस्तीर्ण कामास मोठे.

तलावांच्या जिल्ह्यात

भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, उभारण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे आले. गाळाने त्यांची साठवणक्षमता घटली आहे. तो गाळ काढून शेतात पसरविण्यासाठी राज्य शासनाने 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली.

तलावाच्या विस्तीर्ण पोटातील गाळ काढणे हे मोठ्या यंत्राचे काम होय. परंतु पाण्याच्या वाटा, शेतापर्यंतचे पाट आणि बोडीची तोंडे या जागा अरुंद असतात. तेथे छोटे यंत्र उपयोगी पडते. यंत्र लहान असो वा मोठे, दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. गाळाखालचा मूळ चिकण थर फोडू नये. तो फुटल्यास तलावात पाणी टिकत नाही. तसेच पाळीच्या पायथ्याशी खणू नये, कारण त्यामुळे पाळ कमकुवत होते. यंत्र येण्यापूर्वी गाळाची जाडी ठिकठिकाणी खड्डे घेऊन पाहावी आणि खोलीच्या खुणा रोवून द्याव्यात. बांधीत चर खणताना वरची सुपीक माती वेगळी ठेवून शेवटी तीच वर पसरावी.

मजुरांचा वाटा

महाराष्ट्राने 1972 मध्ये वि. स. पागे यांच्या प्रेरणेने रोजगार हमी योजना सुरू केली आणि 1977 मध्ये तिला कायद्याचे स्वरूप दिले. 2005 च्या केंद्रीय कायद्यानेही मजुरांना बाजूला सारणारी यंत्रे शक्यतो वापरू नयेत, असे तत्त्व घालून दिले. धानपट्ट्यात रोवणी आणि कापणी सोडली तर भूमिहीन कुटुंबांना कामाची चणचण भासते. उन्हाळ्यातील मातीकाम हा त्यांच्या चुलीचा आधार असतो. म्हणून रोजगाराच्या निधीतील कामावर यंत्र आणणे आणि हजेरीपटावर मजुरांची नावे मांडणे हा केवळ हिशेबातील दोष नसून गरिबाच्या घासाचा अपहार आहे. कोणते काम कोणत्या निधीतून आणि कशाने होणार, हे ग्रामसभेत आधीच जाहीर करणे हाच त्यावरील उपाय होय. यंत्राने चर खणला तरी तळ सारखा करणे, नळ बसविणे, माती भरून दाबणे ही कामे माणसांचीच असतात. त्यांची मजुरीही अंदाजपत्रकात धरली पाहिजे.

आधी जीव, मग काम

एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. चराची कड ढासळली की आत उभ्या असलेल्या माणसास सुटका करून घेण्यास अवधी मिळत नाही. यास्तव दीड मीटरपेक्षा खोल चराच्या कडांना आधार द्यावा किंवा त्या उतरत्या कराव्यात. खणलेली माती कडेपासून किमान दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यांपैकी जे अंतर अधिक असेल तितकी, दूर टाकावी. गावठाणात खोदण्यापूर्वी जुन्या नळवाहिन्या आणि वीजतारा कोठून गेल्या आहेत याची विचारणा करावी. संशयाच्या जागी हातानेच खणावे. डोक्यावरील तारांकडेही लक्ष असावे. हात फिरतो त्या कक्षेत कोणीही, विशेषतः मुलांनी, थांबू नये. उतारावर यंत्र आडवे चालवू नये आणि नेताना हात दुमडून अडकवून ठेवावा. चर भरताना माती एकदम न लोटता पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या थरांनी दाबावी.

शाळा चराजवळ असेल तर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही सूचना द्यावी, सरपंचांनी रात्री चराभोवती अडथळे आणि दिवा राहील हे पाहावे. ग्रामसेवकांनी काम सुरू होण्यापूर्वी लांबी, रुंदी व खोली लिहून ठेवावी आणि काम झाल्यावर प्रत्यक्ष मोजावी.

यंत्र हे साधन आहे. त्याच्या गर्जनेवरून किंवा त्याने उपसलेल्या मातीच्या ढिगावरून कामाची प्रत ठरत नाही. पहिल्या पावसात चर खचला नाही, पाटाचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचले आणि कामावर आलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी सुखरूप घरी गेला, तर काम चांगले झाले असे समजावे. आसगावसारख्या गावांनी खोदकामाचे नियोजन करताना हीच कसोटी लावणे हिताचे ठरेल.